फुप्फुस प्रत्यारोपण : विज्ञान पुढे, समाज मागे

दरवर्षी ३ ऑगस्ट रोजी आपल्या देशात ‘भारतीय अवयवदान दिन’ पाळला जातो. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयात डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. त्या घटनेचे स्मरण म्हणून २०२३ पासून हा दिवस २७ नोव्हेंबरऐवजी ३ ऑगस्टला पाळण्यात येऊ लागला. या निमित्ताने भाषणे होतात, प्रतिज्ञापत्रे भरली जातात. मात्र चर्चा बहुधा डोळे व मूत्रपिंड यांच्यापाशीच थांबते. ज्या अवयवाच्या बळावर आपण प्रत्येक क्षणी जगतो, त्या फुप्फुसांविषयी फारसे कोणी बोलत नाही.

आकडे बोलके आहेत. २०२४ साली भारतात सर्व अवयव मिळून सुमारे १८,९०० प्रत्यारोपणे झाली. त्यांत फुप्फुसांची प्रत्यारोपणे होती अवघी २२८. एकशेचाळीस कोटींच्या देशात ही संख्या एवढी अल्प का? शल्यचिकित्सक नाहीत म्हणून? तसे नव्हे. आम्हांस वाटते की, याचे पहिले उत्तर शस्त्रक्रियागृहात नसून अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, बाकावर बसलेल्या कुटुंबापाशी आहे. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. तो आपल्या धर्मग्रामांचाही आहे.

नातलगही जे देऊ शकत नाहीत

मूत्रपिंडे दोन असतात. त्यांतील एक आई मुलाला देऊ शकते, पत्नी पतीला देऊ शकते. यकृताचा काही भाग दिला तरी तो पुन्हा वाढतो. भारतातील बहुसंख्य प्रत्यारोपणे अशा जिवंत दात्यांच्या बळावरच चालतात. फुप्फुसाचे तसे नाही. जपानमध्ये दोन निरोगी नातलगांनी आपापल्या फुप्फुसाचा एकेक खंड रुग्णास देण्याची पद्धत काही प्रमाणात रूढ आहे. परंतु तीत एका रुग्णासाठी दोन निरोगी माणसांना छातीची मोठी शस्त्रक्रिया सोसावी लागते. म्हणून जगात सर्वत्र हे प्रत्यारोपण मुख्यत्वे मृत दात्यांवर, आणि आपल्या देशात जवळजवळ संपूर्णपणे मेंदूमृत दात्यांवर अवलंबून असते.

याचा अर्थ गंभीर आहे. फुप्फुसे निकामी झालेल्या माणसाला त्याचे सख्खे भाऊ-बहीणही वाचवू शकत नाहीत. त्याला वाचवू शकते ते एखादे परके, शोकाकुल कुटुंब. अपघातात वा मेंदूतील रक्तस्रावाने आपला माणूस गमावलेल्या त्या कुटुंबाने काही तासांत निर्णय घ्यायचा असतो, आणि तोही ज्याचे नावदेखील त्यांना सांगितले जाणार नाही अशा व्यक्तीसाठी. मूत्रपिंडदानात रक्ताच्या नात्याची कसोटी लागते. फुप्फुसदानात शेजारधर्माची कसोटी लागते.

साठ वर्षांची वाटचाल

मानवावरील पहिले फुप्फुस प्रत्यारोपण अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात डॉ. जेम्स हार्डी यांनी ११ जून १९६३ रोजी केले. तो रुग्ण अठरा दिवस जगला. त्यानंतरच्या दोन दशकांत जगभर बरेच प्रयत्न झाले, पण बहुतेक रुग्ण काही दिवसांत वा आठवड्यांत दगावले. श्वासनलिकेचा जोड भरून येत नसे, जंतुसंसर्ग होई, आणि शरीर परका अवयव झिडकारून टाकी. पुढे ‘सायक्लोस्पोरिन’ हे औषध आले आणि चित्र पालटू लागले. १९८३ साली कॅनडातील टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर यांनी केलेले एका फुप्फुसाचे प्रत्यारोपण पहिले दीर्घकाळ यशस्वी ठरले. तो रुग्ण सहा वर्षांहून अधिक काळ जगला. १९८६ मध्ये त्याच ठिकाणी दोन्ही फुप्फुसांचे प्रत्यारोपणही साध्य झाले.

कोव्हिडच्या महामारीने या शस्त्रक्रियेला एक नवे क्षेत्र दिले. २०२० च्या जून महिन्यात शिकागो येथे कोव्हिडने फुप्फुसे पूर्णतः नष्ट झालेल्या एका तरुणीवर दुहेरी प्रत्यारोपण झाले. ते करणाऱ्या पथकाचे प्रमुख डॉ. अंकित भरत हे आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे माजी विद्यार्थी. त्याच वर्षी चेन्नईतही कोव्हिडच्या रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या. आजही आपल्या देशातील या कार्यात चेन्नई व हैदराबाद या शहरांचा वाटा मोठा आहे. मुंबईतील मोजक्या खासगी रुग्णालयांतही ही सोय आहे. चंदीगडच्या ‘पीजीआय’ या सरकारी संस्थेने २०१७ साली पहिले फुप्फुस प्रत्यारोपण करून दाखविले. तथापि, सार्वजनिक रुग्णालयांत ही सेवा अद्याप रुजलेली नाही.

हा अवयव एवढा नाजूक का?

हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव शरीराच्या आत सुरक्षित असतात. फुप्फुसे मात्र प्रत्येक श्वासागणिक बाहेरच्या हवेच्या संपर्कात येतात. धूळ, धूर, जंतू, बुरशी हे सारे त्यांच्यापर्यंत थेट पोहोचते. येथूनच सर्व अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण दात्याच्या बाबतीतली. मेंदूला जबर इजा झाली की फुप्फुसांत पाणी भरू शकते. बेशुद्धावस्थेत पोटातील अन्न श्वासमार्गात जाते. व्हेंटिलेटरवर काही दिवस काढल्यावर न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. त्यामुळे मेंदूमृत दात्यांपैकी साधारणपणे पाचांत एकाचीच फुप्फुसे वापरण्याजोगी निघतात. कुटुंबाने संमती दिली तरी पुष्कळदा हा अवयव घेताच येत नाही.

दुसरी अडचण वेळेची. फुप्फुसे शरीराबाहेर काढल्यावर नेहमीच्या शीतपद्धतीत सुमारे सहा तासांच्या आत बसवावी लागतात. म्हणून शहरांत ‘ग्रीन कॉरिडॉर’ करून रुग्णवाहिकेला रस्ता मोकळा केला जातो आणि विमानांची तजवीज होते. रक्तगट जुळावा लागतो आणि फुप्फुसांचा आकारही छातीच्या पिंजऱ्यात मावणारा असावा लागतो.

या दोन्ही अडचणींवर संशोधन चालू आहे. काढलेली फुप्फुसे यंत्रात ठेवून त्यांत उबदार द्रव व प्राणवायू खेळवायचा, त्यांची तपासणी करायची, शक्य तेथे सुधारणाही करायची, असे तंत्र स्वीडन व टोरांटो येथील डॉक्टरांनी विकसित केले आहे. बर्फाच्या थंडीऐवजी सुमारे १० अंश सेल्सिअस तापमानात फुप्फुसे ठेवल्यास ती अधिक तास टिकतात, असेही टोरांटोच्या संशोधनातून दिसून आले आहे. चीनमधील ग्वांगझू येथे जनुकीय बदल केलेल्या डुकराचे फुप्फुस एका मेंदूमृत व्यक्तीच्या शरीरात नऊ दिवस कार्यरत राहिल्याचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्यावर शरीराने केलेले आघातही त्यात नोंदले आहेत. रुग्णांना त्याचा लाभ होण्यास अजून बराच अवधी लागेल.

तिसरी अडचण शस्त्रक्रियेनंतरची, आणि तीच सर्वांत दीर्घ. शरीराने नवा अवयव झिडकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यामुळे साधी सर्दीदेखील जीवघेणी ठरू शकते, मूत्रपिंडांवर ताण येतो, मधुमेह व कर्करोग यांचा धोका वाढतो. एवढे करूनही पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या रुग्णांत फुप्फुसाची कार्यक्षमता कायमची घटू लागते. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार प्रत्यारोपणानंतर निम्मे रुग्ण साधारण साडेसहा वर्षांच्या पुढे जगतात. मूत्रपिंड वा हृदयाच्या तुलनेत हे यश उणे आहे.

हे सांगण्याचा हेतू कोणास निराश करण्याचा नाही. ज्याला प्राणवायूच्या नळीविना खोलीतून स्वयंपाकघरापर्यंतही जाता येत नाही, त्याला चार-सहा वर्षांचा मोकळा श्वास लाभणे, मुलीच्या लग्नात उभे राहता येणे, चर्चची पायरी स्वतः चढता येणे हे अमोल दान आहे. परंतु जे अमोल आहे तेही मर्यादित असू शकते, हे सत्य रुग्णाला व कुटुंबाला आधीच सांगितले गेले पाहिजे. चमत्काराची आशा दाखवून कर्जाच्या खाईत लोटणे ही सेवा नव्हे.

श्वासाचे मोल कोण मोजणार?

आपल्या देशात खासगी रुग्णालयात या शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा वीस-पंचवीस लाख रुपयांच्या पुढे जातो. त्यानंतर औषधे, तपासण्या, ब्रॉन्कोस्कोपी यांचा खर्च दरमहा चालूच राहतो. रुग्णाला कित्येक महिने रुग्णालयाजवळ भाड्याने राहावे लागते, सोबत एक माणूस कामधंदा सोडून थांबतो. समाजाकडून मिळालेला अवयव दात्याच्या कुटुंबाने विनामूल्य दिलेला असतो. पण तो स्वीकारण्याची ऐपत मात्र मूठभरांकडेच असते. गरिबाचे कुटुंब दाता होऊ शकते, ग्राही होणे मात्र त्याला परवडत नाही. यात जो अन्याय आहे तो आपल्याला बोचला पाहिजे.

शासनाने काही पावले उचलली आहेत. प्रतीक्षायादीत नाव नोंदविण्यासाठी असलेली त्या-त्या राज्याच्या रहिवासाची अट तसेच वयाची ६५ वर्षांची मर्यादा २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. सप्टेंबर २०२३ पासून आधारशी जोडलेल्या संकेतस्थळावर अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदविता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे अवयवांचे वाटप पाहतात. परंतु वाटप न्याय्य असले तरी खर्चाचे ओझे कायम आहे. सरकारी रुग्णालयांत ही सेवा उभी राहणे आणि आयुष्यभराची औषधे शासकीय योजनांतून मिळणे, ही मागणी आपण नागरिक म्हणून केली पाहिजे.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भारतात २०२४ साली मृत्यूनंतर अवयव देणाऱ्या दात्यांची संख्या अकराशेच्या थोडी वर होती. म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे एकही दाता नाही. त्याच वर्षी स्पेनमध्ये दहा लाखांमागे पन्नासहून अधिक दाते होते.

स्पेन हा परंपरेने कॅथोलिक देश. पण तेथे हे यश केवळ धर्मभावनेने आलेले नाही. १९८९ मध्ये तेथे डॉ. राफाएल मातेसान्झ यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली, तेव्हा हे प्रमाण चौदाच्या आसपास होते. तेथे रुग्णालया-रुग्णालयात प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले. संभाव्य दाता वेळीच ओळखणे, कुटुंबाजवळ बसणे, त्यांचे दुःख ऐकणे आणि मगच दानाविषयी विचारणे, हे त्यांचे काम. लोक उदार होण्याची वाट पाहण्यापेक्षा, त्यांना योग्य वेळी योग्य शब्दांत विचारण्याची व्यवस्था त्या देशाने उभी केली.

आपल्याकडे १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू म्हणून मान्य करतो. २०११ च्या दुरुस्तीने अशा मृत्यूनंतर कुटुंबाला दानाविषयी विचारणे रुग्णालयांना बंधनकारक केले. तरीही मेंदूमृत्यू जाहीरच न करणारी रुग्णालये पुष्कळ आहेत. दुसरीकडे, प्रतिज्ञापत्र भरलेले असले तरी प्रत्यक्षात कुटुंबाच्या संमतीवाचून अवयव घेतले जात नाहीत. आपल्या पाकिटातील कार्डापेक्षा घरच्यांशी झालेले बोलणे त्या वेळी अधिक उपयोगी पडते.

ख्रिस्तसभेची शिकवण आणि प्रामाणिक शंका

आपल्या भाविकांच्या मनात दोन शंका वारंवार येतात. पहिली, शरीर अपूर्ण राहिले तर पुनरुत्थानाचे काय? ज्या परमेश्वराने मातीतून माणूस घडविला आणि त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला, त्याचे सामर्थ्य आपल्या अवयवांच्या संख्येवर अवलंबून नाही. समुद्रात बुडालेले, आगीत भस्म झालेले असंख्य श्रद्धावंत पुनरुत्थानाच्या आशेतच विसावले आहेत. मृतदेहाचा मान राखणे हे आपले कर्तव्य आहे, आणि अवयव काढल्यावर देह सन्मानपूर्वक कुटुंबाच्या स्वाधीन केला जातो.

या बाबतीत पोपमहोदयांची शिकवण सातत्यपूर्ण आहे. पोप पायस बारावे यांनी १९५६ मध्येच मृत्यूनंतरच्या नेत्रदानाचे समर्थन केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘इव्हान्जेलियुम व्हिते’ या परिपत्रकात नीतीने केलेल्या अवयवदानाचा दैनंदिन जीवनातील वीरकृत्यांत समावेश केला. पोप फ्रान्सिस यांच्या उजव्या फुप्फुसाचा भाग १९५७ साली, तरुणपणीच काढावा लागला होता. त्यांनी एप्रिल २०१९ मध्ये इटलीतील अवयवदात्यांच्या संघटनेशी बोलताना अवयवदान हे सामाजिक जबाबदारीचे कृत्य असल्याचे सांगितले आणि अवयवांच्या व्यापाराचा निषेध केला.

दुसरी शंका अधिक खोल आहे. हृदय धडधडत असताना, अंग उबदार असताना, माणूस खरोखर मेला असे कसे म्हणावे? ही शंका अडाणीपणाची नाही. २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथील प्रत्यारोपण परिषदेत पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला उत्तर दिले. मेंदूच्या सर्व भागांचे कार्य पूर्णपणे व कायमचे थांबल्याचे कसोशीने सिद्ध झाले, तर मृत्यूविषयी नैतिक निश्चिती लाभते, असे ते म्हणाले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००८ मध्ये बजावले की, यात मनमानीचा संशयही नसावा आणि निश्चिती नसेल तेथे सावधगिरीलाच प्राधान्य द्यावे.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. आपला भारतीय कायदा मेंदूस्तंभाच्या मृत्यूची कसोटी लावतो, तर पोपमहोदयांचे शब्द संपूर्ण मेंदूविषयी आहेत. मेंदूस्तंभ कायमचा बंद पडला की शुद्ध व श्वास परत येणे शक्य नसते, असे या कसोटीमागचे वैद्यकीय मत आहे. तरीही या विषयावर कॅथोलिक विचारवंतांत चर्चा चालू आहे. प्रचलित चाचण्या संपूर्ण मेंदूचे कार्य थांबल्याची पुरेशी खात्री देत नाहीत, असे निवेदन अमेरिकेतील काही कॅथोलिक डॉक्टर व नीतितज्ज्ञांनी २०२४ मध्ये काढले. ही चर्चा भाविकांपासून लपवू नये. तिच्यामुळे अवयवदानाविषयीची ख्रिस्तसभेची मूळ भूमिका बदललेली नाही. चाचण्या कठोरपणे व्हाव्यात ही तिची अट मात्र अधिक ठळक झाली आहे.

म्हणून कुटुंबाने काय विचारावे हे माहीत असावे. आपल्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ हा मृत्यू प्रमाणित करते आणि त्यांत प्रत्यारोपण करणाऱ्या पथकाचा कोणीही नसतो. किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या होतात. त्यांतील एका चाचणीत प्राणवायू पुरवीत राहून व्हेंटिलेटर काही मिनिटे बाजूला केला जातो आणि रुग्ण स्वतः श्वास घेण्याचा काही प्रयत्न करतो का, हे पाहिले जाते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड पुरेसा वाढूनही छाती हलली नाही, तरच पुढचे पाऊल पडते. कोमातील रुग्ण वेगळा. तो जिवंत असतो, कित्येकदा स्वतः श्वास घेतो, आणि त्याचे अवयव घेता येत नाहीत. या दोन्ही चाचण्या झाल्या का, कोणी केल्या, कधी केल्या, हे विचारण्यात कोणताही अपमान नाही. शंका फिटल्याशिवाय संमती देण्याचे बंधन कोणावरही नाही. दान हे दान असते. ते दडपणाखाली घेतले तर त्याचा आत्माच हरपतो.

आपल्या हाती काय आहे?

पहिले, गरज निर्माण होण्यापूर्वीच ती टाळणे. तंबाखूचा धूर, चुलीचा धूर, दगडखाणी व बांधकामांवरील धूळ, शहरांची दूषित हवा यांनी फुप्फुसे झिजतात. कबुतरांची विष्ठा व पिसे यांमुळे काही जणांची फुप्फुसे हळूहळू कठीण होत जातात. भारतातील फुप्फुसांच्या अशा विकारांच्या एका मोठ्या नोंदणीत, हवेतून शिरणाऱ्या अशा घटकांमुळे होणाऱ्या दाहाचे रुग्ण सर्वाधिक आढळले होते. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांवरून वाद पेटला तेव्हा त्याच्या मुळाशी हाच आरोग्याचा प्रश्न होता. चालताना दम लागणे व महिनोन् महिने कोरडा खोकला असणे याला वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नये. प्रत्यारोपणासाठी अनेक रुग्ण एवढ्या उशिरा पाठविले जातात की शस्त्रक्रिया सोसण्याचे बळच उरलेले नसते.

दुसरे, घरात बोलणे. संध्याकाळच्या रोझरीनंतर, २ नोव्हेंबरला दफनभूमीत मृतांच्या स्मरणासाठी जमलो असता, किंवा लघुसमूहाच्या सभेत, ‘माझ्या बाबतीत अशी वेळ आली तर माझी इच्छा ही आहे’ एवढे एक वाक्य आपल्या माणसांना सांगून ठेवावे. त्या कठीण रात्री त्यांच्या खांद्यावरचे मोठे ओझे त्याने हलके होईल.

तिसरे, धर्मगुरूंचे व रुग्णसेवा करणाऱ्या प्रापंचिकांचे साहाय्य. अशा प्रसंगी कुटुंबाला सर्वप्रथम आधार हवा असतो. रुग्णाभ्यंग, प्रार्थना आणि शांतपणे बसणारा एक माणूस यांची जागा कोणतेही पत्रक घेऊ शकत नाही. केरळमधील फादर डेव्हिस चिरमेल यांनी २००९ मध्ये आणि पालाई धर्मप्रांताचे तत्कालीन साहाय्यक महागुरू जेकब मुरिकन यांनी २०१६ मध्ये आपले मूत्रपिंड दिले, आणि दोघांचेही ग्राही हिंदू होते. प्रवचनाहून अधिक प्रभावी अशी ती साक्ष होती. फुप्फुसांच्या बाबतीत अशी साक्ष जिवंतपणी देता येत नाही. ती आपल्या पश्चात आपल्या कुटुंबालाच द्यावी लागते.

बायबलच्या हिब्रू भाषेत श्वास, वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे. आपला श्वास आपण कमावलेला नाही, तो आपल्याला मिळालेला आहे. जे विनामूल्य मिळाले ते विनामूल्य देण्याची शिकवण आपल्या प्रभूने शिष्यांना दिली. देशात आज कोठेतरी एक रुग्ण प्राणवायूच्या सिलिंडरजवळ बसून दूरध्वनीची वाट पाहत आहे. तो दूरध्वनी येईल की नाही, हे अनेकदा शल्यचिकित्सकाच्या कौशल्याआधी एखाद्या घरात वेळीच झालेल्या संभाषणावर अवलंबून असते. ते संभाषण आपल्या घरात या आठवड्यात व्हावे, ही आमची वाचकांस कळकळीची विनंती आहे.